मागचा टायर जरा जाड टाकू का?

टायरच्या दुकानात गाडी लावली की पहिला प्रश्न येतो, “कितीचा टायर?” आणि बहुतेक जण सांगतात, “सतराचा.” मग आतून दोन-तीन टायर बाहेर येतात. सगळे सतराचेच असतात, पण आपल्या गाडीचा त्यातला एकच.

खरं उत्तर टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं. ओल्या फडक्याने चिखल पुसून मोबाइलची बॅटरी तिरपी धरली की काळ्यावर काळी उठलेली अक्षरं वाचता येतात. समजा तिथे १००/९०-१७ एम/सी ५५पी असं आहे. या एका ओळीत तीन जातींची मापं आहेत आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. १०० हे मिलिमीटर: रिमवर चढवून हवा भरल्यावर टायर या बाजूपासून त्या बाजूपर्यंत किती रुंद भरतो ते. रस्त्याला टेकणारा पट्टा म्हणजे ही रुंदी नव्हे. ९० ही टक्केवारी: रिमपासून वर टायरची उंची रुंदीच्या किती टक्के, ते. आणि १७ हे इंच, रिमचा व्यास. एम/सी म्हणजे मोटरसायकल.

मधल्या आकड्याला सर्रास मिलिमीटर समजतात. म्हणून “नव्वदच्या जागी ऐंशी टाकला तर गाडी बुटकी होईल” असं ऐकायला मिळतं. १००/९० मध्ये टायरची उंची ९० मिलिमीटर येते. १२०/८० मध्ये १२० चे ८० टक्के, म्हणजे ९६. आकडा कमी झाला, टायर मात्र उंच झाला.

“अठराचं चाक सतरापेक्षा मोठंच” हा समजही असाच. पूर्ण चाकाची उंची हवी तर रिमचे इंच २५.४ ने गुणायचे आणि त्यात टायरची उंची दोनदा मिळवायची, एकदा वर आणि एकदा खाली. स्प्लेंडरच्या ८०/१००-१८ चं उत्तर येतं सुमारे ६१७ मिलिमीटर. १२०/८०-१७ चं येतं ६२४. सतराचं चाक अठरापेक्षा उंच निघालं! टेप घेऊन रिम कडेपासून कडेपर्यंत मोजणाऱ्यांचाही हिशोब चुकतो, कारण रिमचा व्यास टायरची आतली कड जिथे बसते तिथला धरतात. रिमची बाहेरची कड त्याहून वर असते.

जुन्या गाड्यांवर २.७५-१८ किंवा ३.२५-१९ असे आकडे दिसतात. जुन्या बुलेटवाल्यांना ३.२५-१९ पाठच असतं. इथे रुंदीही इंचात, आणि उंची रुंदीइतकीच धरायची. त्यापुढे ६ पीआर असेल तर “आत सहा थर आहेत” असं सांगितलं जातं. पूर्वी ते तसं असे. आता तो फक्त मजबुतीचा दर्जा आहे, थरांची मोजदाद नव्हे. २.७५-१८ चं पूर्ण चाक ५९७ मिलिमीटरच्या आसपास येतं. ज्या गाडीचा स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून केबलने चालतो, तिच्या पुढे ८०/१००-१८ काढून हा टायर टाकला, तर खऱ्या ६० च्या वेगाला काटा ६२ दाखवतो आणि किलोमीटरही जास्त पडतात.

आता मूळ प्रश्न. मागचा टायर जाड टाकला की गाडी रस्त्याला चिकटून चालते, असं मलाही वाटायचं. माझ्या १५० सीसीच्या गाडीला मागे १००/९० होता. दुकानदार म्हणाला, “दादा, एकशेतीसचा टाका, गाडी पण भारी दिसेल.” टाकला. आठ दिवसांत चेनच्या बाजूला टायरवर बोटभर रुंदीचा घासल्याचा पट्टा उमटला. वळणावर गाडी आधी आडवी व्हायला कुरकुर करायची आणि मग एकदम कलायची.

कारण रिममध्ये होतं. रिम तीच, अरुंद. जाड टायरच्या दोन्ही कडा तिच्यात आवळल्या गेल्या, मधला भाग फुगला आणि गोलाई टोकदार झाली. अशा रिमवर १३० चा टायर पुरता १३० भरतही नाही. राहिला पकडीचा मुद्दा. रस्त्याला टेकणारा भाग किती, हे मुख्यतः टायरवरचा भार आणि आतली हवा यांवर ठरतं. टायर रुंद केला तर तो भाग आडवा पसरतो आणि लांबीला कमी होतो. क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. ओल्या रस्त्यावर गाडी धरतो तो चांगल्या रबराचा, नक्षी शाबूत असलेला आणि बरोबर हवेचा टायर. जाड टायरने वजन वाढतं आणि पेट्रोल जास्त जातं. रिमला किती रुंद टायर चालतो हे टायर कंपनीच्या तक्त्यात असतं. अलॉय रिमवर तिची स्वतःची रुंदीही कोरलेली असते, उदाहरणार्थ २.१५ x १७.

५५पी मधला पी म्हणजे प्रेशर आणि ५५ म्हणजे हवा, असं समजून हवा भरायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. ५५ हा भाराचा संकेत आहे: एका टायरला जास्तीत जास्त २१८ किलो. ५४ म्हणजे २१२, ४७ म्हणजे १७५. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. मागे दुधाचे दोन भरलेले कॅन बांधून पहाटे निघणाऱ्या माणसाला रुंदीपेक्षा हा आकडा महत्त्वाचा आहे. स्वस्तात मिळाला म्हणून त्याने कमी संकेताचा टायर घेतला, तर खड्ड्यात त्याचा जीव टांगणीला लागतो. रोजची हवा किती भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतं; टायरवर कमाल भारासोबत दिलेला हवेचा आकडा रोजचा नव्हे.

ट्यूबलेसबद्दल एवढंच: स्पोकच्या साध्या रिमवर ट्यूबलेस टायर चढवला म्हणून चाक ट्यूबलेस होत नाही. स्पोकच्या भोकांतून हवा जाते, आत ट्यूब घालावीच लागते.  

टायर चढवून झाला की पैसे देण्याआधी खाली बसा. बाजूवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरतं त्या दिशेला हवा. रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक रेघ असते, ती पूर्ण गोलात रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत गेलेली असेल, तर हवा सोडून टायर पुन्हा बसवायला सांगा.