बॅले फ्लॅट : नर्तकीचा बूट, रस्त्यावरचे पाऊल

पुढून गोल, वरून उथळ कापलेला, जवळजवळ बिनटाचेचा आणि पुढे छोटी बो असलेला स्त्रियांचा बूट म्हणजे बॅले फ्लॅट. आपल्याकडच्या दुकानांत तो ‘बेली’ म्हणून मिळतो. तो मुळात नाचासाठी घडला आणि त्याचे सुख-दुःख या जन्मकथेतच दडलेले आहे.

अठराव्या शतकात पॅरिस ऑपेरातल्या नर्तकी टाचांचे बूट घालून नाचत. मारी कामार्गो या नर्तकीने टाच काढून टाकली आणि उड्या व चपळ पदन्यास सुकर झाले. हा बूट रस्त्यावर आला तो १९४०च्या दशकात. अमेरिकन डिझायनर क्लेअर मॅकार्डेल यांनी कॅपेझिओ या नृत्यपादत्राणांच्या कंपनीकडून टणक तळाचे बॅले बूट करून घेतले आणि आपल्या पोशाखांना त्यांची जोड दिली. १९४३मध्ये अमेरिकेत चामडी बुटांवर रेशनिंग आले, तेव्हा हा पर्याय सोयीचा ठरला. इटलीत बूट-डिझायनर साल्व्हातोरे फेरागामो यांनी १९५४मध्ये अभिनेत्री ऑड्री हेपबर्नसाठी असाच सपाट बूट घडवला.

पॅरिसमध्ये रोझ रेपेटो यांनी १९४७मध्ये आपला मुलगा, नर्तक रोलाँ पेती, याच्यासाठी बूट करायला घेतले होते. बॅले शिकलेल्या अभिनेत्री ब्रिजित बार्दो यांच्यासाठी त्यांनी १९५६मध्ये रस्त्यावर चालण्याजोगा बूट केला. त्याचे नाव ‘सांद्रियाँ’, म्हणजे सिंड्रेला. तो शिवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. वरचे चामडे आणि तळ उलट्या बाजूने शिवतात, मग हातमोजा उलटावा तसा अख्खा बूट सुलट करतात. शिवण आत जाते, बूट मऊ आणि लवचीक होतो. पुढची बो ही काठातून ओवलेल्या दोरीची गाठ. ती आवळून बूट पावलावर घट्ट बसवता येई.

उंच टाचेमुळे शरीराचा भार चवड्यावर सरकतो आणि सतत वापराने पोटरीचे स्नायू आखडतात. सपाट बुटात हा त्रास टळतो. परंतु नाचाची लाकडी जमीन पावलाखाली किंचित दबते, सिमेंटचा फुटपाथ दबत नाही. पातळ तळातून प्रत्येक पावलाचा धक्का थेट टाचेला बसतो. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याची कमान तोलणारा जाड पट्टा असतो. त्याला प्लँटर फॅशिया म्हणतात. आधाराविना त्यावर ताण येत राहिला की सकाळी उठल्यावर पहिली पावले टाकताना टाच ठणकते. बूट उथळ असल्याने तो निसटू नये म्हणून बोटे नकळत आवळली जातात. पुढचा भाग अरुंद असेल तर अंगठाही दबतो. वर्षानुवर्षे उंच टाचा वापरलेल्या स्त्रीने एकदम सपाट बूट घातले, तर आखडलेली पोटरी ओढली जाते. अशा वेळी टाचेची उंची हळूहळू कमी करणे बरे.

खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाऊल थोडे सुजते. बूट हाताने वाकवून पाहावा: तो बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. मागची बाजू टाचेला घट्ट धरणारी हवी, बोटांपुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी आणि आत कमानीला आधार देणारी गादी हवी. एवढे जुळले, तर हा बूट रोजच्या वापराला चांगला आहे. नुसता पातळ तळाचा असेल, तर तो थोड्या वेळापुरताच घालावा.