ध्वनिमुद्रिका आणि तारुण्याची स्मृती : एक विवेचन

प्रस्तावना

जुनी तबकडी लावली की ऐकणारा वृद्ध माणूस गाण्याविषयी थोडे आणि आपल्या तारुण्याविषयी पुष्कळ बोलू लागतो, हा अनुभव मराठी घरांत परिचित आहे. त्याची संभावना सहसा हळवेपणा म्हणून केली जाते. वस्तुतः त्यामागे मानवी स्मृतीचा एक नियम आहे आणि तबकडी या वस्तूची विशिष्ट घडणही आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या कारणाचा विशेषत्वाने विचार केला आहे.

स्मृतीचा नियम

उतारवयातील व्यक्तींना गतायुष्य आठवण्यास सांगितले असता साधारणतः दहा ते तीस या वयातील प्रसंग अधिक संख्येने आठवतात, ही बाब डेव्हिड रुबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडली. पहिली नोकरी, पहिले प्रेम, घर सोडून शहरात येणे अशा प्रथमानुभवांचा हा काळ असतो. पेत्र जनाता यांनी २००९ मध्ये दाखविले की, परिचित गाणे आणि त्याला जोडलेली आत्मचरित्रात्मक आठवण यांचा मेळ मेंदूच्या पुढील भागातील एका विशिष्ट क्षेत्रात बसतो. कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांच्या २०१३ च्या अभ्यासात विशीतील अमेरिकन तरुणांना आपल्या आईवडिलांच्या तारुण्यातील गाण्यांशीही आठवणी जोडाव्याशा वाटल्या. वडिलांच्या तबकड्यांवर वाढलेल्या मराठी मुलाला यात नवल वाटणार नाही.

तबकडीची घडण

मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी एका बाजूला सुमारे तीन मिनिटेच वाजे. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत दीर्घकाळ रंगणारे बालगंधर्वांचे पद त्या मर्यादेत आटोपशीर झाले. ज्यांना ते नाटक पाहण्यास मिळाले नाही, त्यांच्या लेखी तीन मिनिटांचे पद हेच मूळ पद ठरले. १९२५ पूर्वी गायकाला भोंग्यात तोंड घालून खड्या आवाजात गावे लागे. विद्युत ध्वनिमुद्रण आल्यावर हळुवार, कुजबुजता स्वरही तबकडीवर उमटू लागला. जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांच्या भावगीताला या तंत्राने मोठा हात दिला, असे म्हणण्यास जागा आहे. तरुण मनाला ते गाणे आपल्याशीच बोलल्यासारखे वाटले, त्याचे काही श्रेय मायक्रोफोनलाही आहे.

तबकडी लाखेची असे. ती हातून पडली की फुटे. दर बाजूनंतर पोलादी सुई बदलावी लागे. चावी उतरली की गाणे मंदावत जाई आणि गायिकेचा आवाज पुरुषी होई. एखाद्या ओळीवर सुई अडखळत असेल, तर घरातील सर्वांना ती जागा पाठ असे. हे सर्व गाण्याचे दोष होते; आठवण मात्र नेमकी त्यांनाच धरून राहिली. २०१७ मध्ये बाजारात आलेल्या ‘कारवाँ’सारख्या यंत्रांतून जुनी गाणी पुन्हा घरोघरी आली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु खरखर काढून स्वच्छ केलेल्या प्रतीत गाणे सुरक्षित राहिले तरी त्या विशिष्ट घरातील ती विशिष्ट तबकडी त्यात नसते.

फोनो विकत घेणे सर्वांना परवडत नव्हते, हेही ध्यानात घ्यावे लागेल. गणेशोत्सवाचा मांडव, लग्नघरचा कर्णा, शेजाऱ्यांची उघडी खिडकी ही बहुसंख्यांची श्रवणस्थाने होती. त्यामुळे या आठवणी बहुधा एकट्याच्या नसतात. त्यांत वाडा असतो, चाळ असते, आणि कोणती तबकडी लावायची हे ठरविणारा कोणी वडीलधाराही असतो.

अध्यापकांसाठी

मौखिक इतिहास, भाषा व समाजशास्त्र या विषयांत तबकडी हे मुलाखतीचे उत्तम साधन ठरू शकते. मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. लोकप्रिय तबकड्या अनेक वर्षे पुन्हा पुन्हा छापल्या जात. त्यामुळे चौथ्या दशकातील गाणे कोणाच्या तरी सहाव्या दशकातील तारुण्याचे असू शकते. तबकडीच्या लेबलवर क्रमांक असतो, वर्ष बहुधा नसते. निवेदक सांगतो ते वर्ष त्याच्या आयुष्याचे असते, ध्वनिमुद्रणाचे नव्हे. दोन्ही स्वतंत्रपणे नोंदवावीत. कोणते गाणे आवडत असे, या प्रश्नाला नावांची यादी मिळते. ते कोठे, कोणाच्या घरी वाजे, या प्रश्नाला माणसे भेटतात.

तबकड्या वाजविताना एलपीची बारीक सुई वापरू नये. ७८ फेऱ्यांच्या रुंद खाचेत ती नीट बसत नाही. ज्यांचे तारुण्य या तबकड्यांच्या सोबतीने गेले, त्यांनी आता ऐंशी ओलांडली आहे. तबकड्या रद्दीच्या दुकानातही सापडतील. त्यांतील अडखळणारी ओळ ओळखणारा माणूस तेथे सापडणार नाही. म्हणून मुलाखती आधी घ्याव्यात, तबकड्यांची सूची मागाहून करता येईल.