लसीच्या यादीत आजी-आजोबा पहिले होते, मग काहींपर्यंत ती सगळ्यात शेवटी का पोहोचली?

१ मार्च २०२१. कोरोनाची लस ६० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी खुली झाली. पंतप्रधान नरेंद्र मोदींनी दिल्लीच्या एम्समध्ये आणि शरद पवारांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिला डोस घेतला. दोघांचेही फोटो दिवसभर मोबाईलवर फिरत होते.

त्या दिवशी वऱ्हाडात काय चाललं होतं? अमरावती शहर आणि अचलपूर भागात २२ फेब्रुवारीपासून लॉकडाऊन होता. अकोला, अकोट आणि मूर्तिजापूरमध्येही कडक निर्बंध होते. राज्यातली दुसरी लाट ज्या भागांत आधी दिसली, त्यात हा पट्टा होता. म्हणजे ज्या म्हाताऱ्या माणसांना "घराबाहेर पडू नका" असं सांगितलं जात होतं, त्यांनाच "लसीसाठी केंद्रावर या" असंही सांगितलं जात होतं.

आठ महिन्यांनी, ३ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी देशातल्या कमी लसीकरण झालेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली. पहिला डोस ५० टक्के लोकांपर्यंतही न पोहोचलेले हे जिल्हे होते. महाराष्ट्रातले सहा जिल्हे त्यात होते : औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), नंदुरबार, बुलढाणा, हिंगोली, नांदेड आणि अकोला.

हा आकडा १८ वर्षांवरच्या सगळ्यांचा होता, फक्त ज्येष्ठांचा नव्हे. तरी त्यात एक गोष्ट खटकते. आरोग्य विभागाच्या अकोला मंडळाचं मुख्यालय अकोल्यातच आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशिम आणि यवतमाळ या पाच जिल्ह्यांसाठी लस आधी याच शहरात येते. मग साठा जवळ असूनही गावातल्या माणसाच्या दंडापर्यंत लस पोहोचायला उशीर का झाला?

हिवरखेडसारख्या गावातून पाहिलं तर काय दिसतं?

अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याजवळ हिवरखेड हे मोठं गाव आहे. (याच नावाचं गाव अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातही आहे.) कपाशी, सोयाबीन आणि तुरीचा हा भाग. तालुक्याचं काम तेल्हाऱ्याला, जिल्ह्याचं काम अकोल्याला.

अशा भागात सरकारी आरोग्यसेवा उतरंडीने चालते. नियमाप्रमाणे सपाट भागात साधारण ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांमागे एक उपकेंद्र असतं. आदिवासी आणि डोंगरी भागात हे प्रमाण २० हजार आणि ३ हजार असं आहे. उपकेंद्रात नर्स असते आणि गावात आशा ताई. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. त्यामुळे ती आरोग्य केंद्रातल्या खास फ्रीजमध्ये राहते आणि तिथून बर्फाच्या डब्यातून पुढे जाते.

कागदावर ही साखळी सरळ आहे. पण सत्तरीतल्या माणसासाठी तिच्यात पाच ठिकाणी अडथळा होता.

१. मोबाईल आणि आधार कार्ड

नोंदणी कोविन पोर्टलवर होती आणि सुरुवातीला एका मोबाईल नंबरवर चार जणांची नावं टाकता येत होती. ४५ वर्षांवरच्या लोकांना थेट केंद्रावर जाऊनही नोंदणी करता यायची, पण तिथेही एक मोबाईल नंबर द्यावाच लागायचा.

अनेक घरांत हा नंबर मुलाचा किंवा नातवाचा असतो आणि तो मुलगा पुण्यात किंवा अकोल्यात कामाला असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो, दुसऱ्या डोसचा मेसेजही त्याच्याकडेच जातो. लस घ्यायची असते आजीला.

दुसरी अडचण जन्मतारखेची. जुन्या पिढीत जन्माची नोंद नसलेली माणसं भरपूर आहेत. आधार कार्ड काढताना अंदाजे साल टाकलेलं असतं. खरं वय ६२ आणि कार्डावर ५८ असेल, तर मार्चमध्ये अशा माणसाला मोठा आजार असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागायचा. नाहीतर १ एप्रिलपर्यंत थांबायचं, कारण ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस त्या दिवसापासून सुरू झाली.

ज्यांच्याकडे कोणतंच ओळखपत्र नव्हतं, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने नंतर वेगळी पद्धत आणली. वृद्धाश्रमातले ज्येष्ठ, भिक्षेकरी, साधू-संत, कैदी यांना ओळखपत्राशिवाय लस देता येईल, असं ठरलं.

२. "दहा जण जमू द्या"

केंद्रावर हे वाक्य अनेकांनी ऐकलं असेल. त्यामागे कारण होतं. कोविशिल्डच्या एका कुपीत १० डोस असतात. कुपी एकदा उघडली की ४ तासांत संपवावी लागते, उरलेले डोस फेकून द्यावे लागतात. लस तुटपुंजी असताना दोन-तीन जणांसाठी कुपी फोडणं नर्सला परवडत नव्हतं, कारण वाया गेलेल्या डोसचा हिशेब द्यावा लागायचा.

नियम चुकीचा नव्हता. पण त्याचा भार सगळ्यांवर सारखा पडला नाही. तरुण माणूस तासाभराने चक्कर मारून परत येतो. गुडघे दुखणाऱ्या, लघवीला वारंवार जावं लागणाऱ्या, शुगरमुळे वेळेवर जेवावं लागणाऱ्या माणसाला तिथेच बसून राहावं लागतं. त्यावर लस घेतल्यानंतरची ३० मिनिटांची देखरेख वेगळी.

३. दुसऱ्या डोसची सरकणारी तारीख

समजा एखाद्या आजोबांनी १ मार्चला कोविशिल्डचा पहिला डोस घेतला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दुसरा डोस ४ ते ६ आठवड्यांनी, म्हणजे २९ मार्च ते १२ एप्रिलच्या दरम्यान.

२२ मार्चला अंतर ६ ते ८ आठवडे करण्यात आलं. आजोबांची तारीख गेली १२ ते २६ एप्रिलवर.

त्याआधीच, ७ एप्रिलला, आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्यात तीन दिवसांपुरतीच लस उरल्याचं सांगितलं होतं. ठिकठिकाणी केंद्रं बंद पडली. तोवर डोस मिळाला नसेल, तर १३ मे रोजी अंतर पुन्हा बदललं : १२ ते १६ आठवडे. म्हणजे आता तारीख २४ मेच्या पुढे.

अंतर वाढवण्यामागे शास्त्रीय आधार दिला गेला होता. दोन डोसमध्ये जास्त अंतर असेल तर या लसीचा प्रतिसाद चांगला मिळतो, असं अभ्यासांत दिसलं होतं. पण केंद्रावर जाऊन परत आलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगितलंच असेल असं नाही. त्याला एवढंच कळलं की आज नाही, नंतर या. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा ४० च्या वर असतो. त्या उन्हात दोनदा परत पाठवलेला माणूस तिसऱ्यांदा यायला राजी होणं कठीण.

कोव्हॅक्सिन घेतलेल्यांची अडचण वेगळी होती. अंतर कमी होतं, पण लसच मिळत नव्हती. शेवटी मे महिन्यात राज्य सरकारने १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवलं आणि त्यांच्यासाठी घेतलेले कोव्हॅक्सिनचे सुमारे पावणेतीन लाख डोस ४५ वर्षांवरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवले.

४. ताप येईल, जीव जाईल ही भीती

लस घेतली की माणूस दगावतो, ही अफवा गावोगावी होती. तिच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती. साठी-सत्तरीच्या लाखो माणसांना एका महिन्यात कोणतीही गोष्ट दिली, अगदी साधं पाणी जरी पाजलं, तरी त्यातल्या काहींचा त्याच महिन्यात हार्ट अटॅकने किंवा जुन्या आजाराने मृत्यू होणारच. लस आणि मृत्यू पाठोपाठ आले, म्हणून एकामुळे दुसरं झालं असं ठरत नाही.

म्हणजे लसीचे दुष्परिणाम नव्हतेच का? होते. कोविशिल्डमुळे क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. मे २०२१ मध्ये केंद्राच्या समितीने भारतात अशा २६ संभाव्य घटना आढळल्याचं जाहीर केलं. प्रमाण होतं १० लाख डोसमागे ०.६१. ज्या वयात कोरोनाने जीव जाण्याचा धोका सगळ्यात जास्त, त्या वयात हा धोका खूपच लहान होता.

ताप आणि अंगदुखीबद्दल एक गोष्ट फारशी सांगितली गेली नाही. या लसीच्या चाचण्यांमध्ये असे त्रास तरुणांपेक्षा ज्येष्ठांना कमी आणि सौम्य झाल्याचं दिसलं होतं. "म्हाताऱ्या शरीराला झेपणार नाही" ही समजूत नेमकी उलट होती.

भाषेचाही प्रश्न होता. अमरावती जिल्ह्यात मेळघाटात कोरकू भाषेतून जनजागृती करावी लागली. आपल्या भाषेत, ओळखीच्या माणसाने सांगितलेलं पटतं, सरकारी मेसेज तसा पटत नाही.

५. जे उठूच शकत नाहीत, त्यांचं काय?

पॅरालिसिस झालेले, कंबरेचं हाड मोडलेले, अंथरुणाला खिळलेले ज्येष्ठ वयाच्या हिशेबाने यादीत पहिले होते. पण लस केंद्रावरच मिळणार होती. त्यांना उचलून न्यायला दोन माणसं आणि एक गाडी लागणार. दोन डोससाठी हे सगळं दोनदा.

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. ७५ वर्षांवरचे, अपंग आणि अंथरुणाला खिळलेले यांना घरी लस द्या, अशी मागणी ॲड. धृती कापडिया आणि ॲड. कुणाल तिवारी यांनी जनहित याचिकेत केली. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्यापुढे सुनावणी झाली.

केंद्र सरकारचं म्हणणं होतं की घरोघरी लस देणं शक्य नाही. घरी रिॲक्शन आली तर वेळेत उपचार होणार नाहीत, अर्धा तास देखरेख ठेवणं अवघड, डबा वारंवार उघडल्याने लस खराब होईल, डोस वाया जातील. न्यायालयाने विचारलं, केरळ आणि जम्मू-काश्मीरमध्ये हे होतंय, मग बाकीच्यांना अडचण काय? जून २०२१ मध्ये न्यायालय असंही म्हणालं की विषाणू हा मोठा शत्रू आहे, तो केंद्रावर येण्याची वाट न बघता त्याच्यावर सर्जिकल स्ट्राइकसारखं चालून जायला हवं.

मग काय बदललं?

बदल टप्प्याटप्प्याने आला.

२७ मे २०२१ : ज्येष्ठ आणि अपंगांसाठी "घराजवळचं केंद्र" उघडण्याच्या सूचना. शाळा, समाजमंदिर, ग्रामपंचायत अशा ठिकाणी लस देता येणार होती.

जुलै-ऑगस्ट २०२१ : मुंबईत अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस द्यायला सुरुवात.

सप्टेंबर २०२१ : घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना घरीच लस देण्याची केंद्राकडून देशभरासाठी परवानगी.

८ ते १४ ऑक्टोबर २०२१ : राज्यात "मिशन कवच कुंडल" मोहीम.

नोव्हेंबर २०२१ : देशभर "हर घर दस्तक".

१० जानेवारी २०२२ : ६० वर्षांवरच्या आजारी व्यक्तींसाठी तिसरा, म्हणजे प्रिकॉशन डोस. १६ मार्चपासून ६० वर्षांवरच्या सगळ्यांना.

मार्च ते सप्टेंबर मोजले, तर रांगेत पहिल्या असलेल्या माणसाला घरी लस मिळण्याचा नियम यायला सहा महिन्यांहून जास्त काळ गेला. आणि त्याच सहा महिन्यांत दुसरी लाट येऊन गेली होती.

घरी येऊन लस देणं नवीन होतं का?

अजिबात नाही. २०२१ मध्ये साठी ओलांडलेल्या कुणाचाही दंड बघा. बहुतेकांवर देवीच्या लसीचा गोल व्रण दिसेल. ७० च्या दशकात देवीचा रुग्ण शोधायला आरोग्य कर्मचारी घरोघर फिरले आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. पुढे १९९५ पासून पल्स पोलिओ आला. रविवारी बूथवर न आलेल्या बाळाला शोधत कर्मचारी दारात यायचे, दारावर खडूने खूण करून जायचे. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त झाला.

तोंडात दोन थेंब टाकणं आणि सुई टोचणं यात फरक आहे, हे खरं. पण कुणाच्या घरात कोण राहिलंय हे शोधायची पद्धत गावात आधीपासून होती. ती बाळांसाठी वापरली जात होती, म्हाताऱ्यांसाठी तिचा विचार उशिरा झाला.

पुढच्या वेळी काय हाताशी असायला हवं?

पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही. पण काही कामं आजच होऊ शकतात.

घरातल्या ज्येष्ठांच्या आधार कार्डावरचं जन्मसाल तपासा. चूक असेल तर आताच दुरुस्तीला द्या.

त्यांच्या नावावर कोणता मोबाईल नंबर जोडलाय ते बघा. गावात त्यांच्याजवळ राहणाऱ्या माणसाचा नंबर असेल तर जास्त उपयोगी.

कोणता आजार आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, हे एका कागदावर लिहून ठेवा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती ठळक लिहा. कोणतंही इंजेक्शन देण्याआधी हे विचारलं जातं.

आणि गावपातळीवर एक यादी हवी : चालता न येणारे कोण, एकटे राहणारे कोण, फोन नसलेले कोण. बहुतेक गावांत आशा ताईंना ही नावं तोंडपाठ असतात. ती ग्रामपंचायतीच्या वहीत आधीच लिहिलेली असली, तर पुढच्या वेळी लसीचा डबा आधी कोणत्या दारात न्यायचा, हे ठरवायला सहा महिने लागणार नाहीत.