निकाल कळला, कारण कळले नाही

दोंडाईच्याच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग पडू लागले की आपल्या वस्तीतील बायांना देठ खुडण्याचे काम मिळते. हिवाळ्याचे हे दिवस आणि महाविद्यालयांतील स्पर्धांचे दिवस बहुधा एकाच वेळी येतात. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी बहीण दिवसभर मिरचीवर बसून संध्याकाळी घरी येई, आग होणाऱ्या बोटांना तेल चोळीत ओट्यावर टेके, आणि तिची मुलगी तिच्यापुढे उभी राहून पाच मिनिटांचे भाषण म्हणून दाखवी. बहिणीची शाळा चौथीत सुटलेली. विषय तिला पुरता कळत नसे, पण मुलगी कुठे अडखळली आणि कुठे नुसतेच मोठ्याने बोलली, हे ती बरोबर सांगे.

वक्तृत्व स्पर्धा आपल्या घराघरांत माहीत आहे. 14 एप्रिलला मंडपात चिमुरडी मुले पाठ केलेले भाषण घडाघडा म्हणतात, लोक टाळ्या वाजवतात, कोणी दहा-वीस रुपये हातावर ठेवतो. त्यात वाईट काही नाही, धीटपणा तिथूनच येतो. परंतु वादविवाद स्पर्धा ही त्याहून निराळी चीज आहे. ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांनी कव्वालीचा सामना आठवावा. रात्री दोन पार्ट्या समोरासमोर बसतात. एकाने सवाल टाकला की दुसऱ्याला तिथल्या तिथे जवाब द्यावा लागतो, आणि तो जमला नाही तर गळा कितीही गोड असला तरी पब्लिक ऐकून घेत नाही. वादविवादात तेच असते, फक्त ढोलक नसते.

रिवाज साधारण असा. एका महाविद्यालयातून दोन विद्यार्थी जातात. एकाने विषयाच्या बाजूने बोलायचे, दुसऱ्याने विरुद्ध. कागद वाचायचा नाही. वेळ संपत आली की घंटा होते. दोघांच्या गुणांची बेरीज करून सांघिक बक्षीस ठरते आणि फिरता करंडक महाविद्यालयाला मिळतो. तो वर्षभर प्राचार्यांच्या काचेच्या कपाटात राहतो. वैयक्तिक बक्षिसे पहिली तीन, आणि मग उत्तेजनार्थ. आपल्या भागातील महाविद्यालये पूर्वी पुणे विद्यापीठाखाली होती. 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले (2018 पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे), आणि दोंडाईच्याच्या मुलांना गाडीत बसून शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव ओलांडले की विद्यापीठाचे गाव येऊ लागले. विद्यापीठाचा युवक महोत्सव म्हणजे युवारंग. तिथून वर राज्यातील विद्यापीठांचा इंद्रधनुष्य, आणि देशपातळीवर भारतीय विश्वविद्यालय संघाचे महोत्सव. या देशपातळीवरच्या वादविवादात भाषा हिंदी किंवा इंग्रजी. म्हणजे घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, आणि वर गेल्यावर तिसरीच भाषा. पायऱ्या चढता चढता मुलाला दोन वेळा जीभ बदलावी लागते, हे शहरातील परीक्षकांच्या ध्यानात येत नाही.

आता भाचीकडे येतो. ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. एका महाविद्यालयाच्या स्पर्धेचा विषय जाहीर झाला: आरक्षणाची गरज आता संपली आहे. चिठ्ठी काढली तेव्हा तिच्या जोडीदाराला विरोधी बाजू मिळाली आणि तिच्या चिठ्ठीवर ‘अनुकूल’ निघाले. त्या अनुकूल शब्दाइतके प्रतिकूल त्या मुलीला दुसरे काही असू शकत नव्हते. तिच्या घरातील पहिली पदवी तिचीच व्हायची होती आणि तिची फी सवलतीवर भरली जात होती.

बहिणीला कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “आपलाच इरोधमा कसाले बोलशी व माय?”

मुलीने मला विचारले, “मामा, नाव मागे घेऊ का?” खरे सांगतो, पहिल्या झटक्यात मी घे म्हणणार होतो. आजही माझे मत आहे की आयोजकांनी असा विषय ठेवताना दहादा विचार करावा. ज्याला ते केवळ पाच मिनिटांचे भाषण वाटते, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर ज्याच्या आयुष्याचा तो प्रश्न आहे अशी मुलगी बसलेली असते. दोघांचे ओझे सारखे नसते. परंतु विषय जाहीर झाला होता आणि नाव मागे घेतले असते तर त्या मंचावर आपल्या वस्तीतील कोणीच राहिले नसते. मग मला एक गोष्ट आठवली, ती मी तिला सांगितली.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि त्यांचे भाषण आधी वाचून परिषदच रद्द केली. तेव्हा 1936 साली बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने छापले. हे आपल्याला माहीत असते. पण 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी काय केले? गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्या भाषणावर जी टीका केली होती, ती बाबासाहेबांनी आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्यापुढे आपले उत्तर ठेवले. विरोधकाला आपल्या पुस्तकात जागा! ज्याला समोरच्याचे म्हणणे पूर्ण मांडून मग खोडायचे आहे, त्याला ते म्हणणे आधी स्वतः नीट समजून घ्यावे लागते. वकिलाचे तर सारे शिक्षणच हे. 31 जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो, कारण 1937 साली त्या दिवशी बाबासाहेब धुळ्याला आले होते. ते एका खटल्याच्या कामासाठी, वकील म्हणून आले होते, हे मात्र आपल्या भाषणांतून क्वचितच येते.

मुलगी बोलायला तयार झाली. चार रात्री तिने ग्रंथालयातील जुन्या वर्तमानपत्रांत घालवल्या. आरक्षणाच्या विरोधात लोक जे हलके बोलतात, गुणवत्ता वगैरे, ते तिने घेतलेच नाही. तिने दोन मुद्दे घेतले. एक, सवलतीचा लाभ त्याच त्याच थोड्या घरांत फिरतो आणि मिरचीवर बसणारी बाई जिथे होती तिथेच राहते. दुसरा, सरकारी जागाच कंत्राटावर आणि खासगीत जाऊ लागल्या, तर कागदावरच्या आरक्षणाने पोट कसे भरेल? मी ते ऐकले आणि थोडा हबकलो. हे प्रश्न आपल्याला आपल्या बैठकांतही नकोसे असतात. त्यांची उत्तरे आहेत, सज्जड उत्तरे आहेत, पण ती शोधायची तर आधी कोणीतरी प्रश्न नीट विचारायला हवा. तिच्या जोडीदाराने ती उत्तरे तिच्याच मदतीने तयार केली.

स्पर्धा झाली. निकाल वाचला गेला. पहिला, दुसरा, तिसरा, दोन उत्तेजनार्थ. तिचे नाव कुठेच नव्हते. हरण्याचे काही नाही, कोणीतरी हरणारच. पण खुर्च्या आवरू लागले होते तेव्हा तिने एका परीक्षकांना गाठून विचारले, “सर, माझे कुठे चुकले?” ते म्हणाले, “छान बोललीस. उच्चाराकडे लक्ष दे.” आणि ते गाडीकडे निघून गेले. चार रात्रींच्या मेहनतीला मिळालेले उत्तर ते एवढे.

उच्चार म्हणजे काय ते खानदेशच्या माणसाला सांगायला नको. आपल्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो. जळगावचे जयगाव, केळीची केयी, शाळेची शाया. ‘ण’चा ‘न’ होतो. ‘आरक्षण’ हा शब्द तिने पाच मिनिटांत वीस वेळा उच्चारला असेल, आणि तो वीसही वेळा ‘आरक्षन’ असा झाला असेल. अनेक ठिकाणी गुणपत्रिकेत भाषा आणि उच्चार यांचा वेगळा रकाना असतो. विचारांचा, खंडनाचा रकाना त्याच्या शेजारी. ज्या मुलाच्या आजोबांनी घरात पुस्तकी मराठी बोलली, त्याला पहिल्या रकान्यात काही न करता गुण मिळतात. ज्याच्या घरात अहिराणी बोलली जाते त्याने ते कुठून आणायचे? शब्द कळला नाही तर गुण कापा, जरूर कापा. पण कळला, आणि तरीही कापले, तर तो गुण मुलाच्या बोलण्याचा नव्हे, त्याच्या घराचा कापला.

नियमांच्या पत्रकावर शेवटी एक ओळ छापलेली असते की परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. ती वाचली की मला मिलिंद राजाची आठवण होते. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनांडर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला, सागल नगरीचा. तो वादात कोणाला ऐकत नसे. भदन्त नागसेनांशी त्याची गाठ पडली तेव्हा त्यांनी आधी एकच अट विचारली. पंडितांसारखा वाद करणार असशील तर बोलतो, राजासारखा करणार असशील तर नाही. पंडितांच्या वादात चूक दाखवतात, खोडतात, सुधारतात, आणि कोणी रागावत नाही. राजाच्या वादात मात्र जो मान्य करणार नाही त्याला शिक्षा होते. मिलिंदाने पंडितांचा वाद मान्य केला आणि पटले तिथे पटले म्हणून कबूल केले. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे याच मिलिंदाचे नाव दिले आणि त्या परिसराला नागसेनवन म्हटले. वादात हरलेल्या राजाचे नाव महाविद्यालयाला देणारे दुसरे कोणी माझ्या पाहण्यात नाही!

कारण न देता दिलेला निकाल हा राजाचा वाद झाला. याहून वेगळे करता येत नाही असेही नाही. जगभरच्या विद्यापीठांची वादविवाद स्पर्धा 1981 पासून भरते, पहिली ग्लासगोला झाली. 2014 ची आपल्या देशात, चेन्नईला झाली. तिथे एका खोलीत चार संघ असतात, प्रत्येकात दोघे. विषय मिळाल्यावर तयारीला पंधरा मिनिटे आणि बोलायला सात. पहिल्या संघाला तीन गुण, मग दोन, एक, शून्य. अशा नऊ फेऱ्या झाल्यावर पुढे कोण जाणार ते ठरते. परंतु मला त्यातील भावणारी गोष्ट वेगळीच आहे. फेरी संपली की परीक्षक आपसात चर्चा करतात, मुलांना परत आत बोलावतात, आणि कोणाचा मुद्दा का टिकला, कोणाचा का पडला, हे समोर बसवून सांगतात. शेवटच्या काही फेऱ्यांचा निकाल तेवढा झाकून ठेवतात. शिवाय इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठी वेगळी अंतिम फेरी असते. ती सारी इंग्रजीतील आणि विमानाने जाणाऱ्यांची दुनिया आहे, आपल्या मुलांना ती परवडणारी नाही. पण कारण सांगायला कुठे पैसे लागतात?

निकालाची आणखी एक तऱ्हा सांगून ठेवतो. अमेरिकेत टेक्सास प्रांतात वायली नावाचे काळ्या विद्यार्थ्यांचे लहानसे कॉलेज आहे. 1935 साली त्यांच्या मुलांनी तेव्हाच्या विजेत्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला वादविवादात हरवले. त्यांना शिकवणारे मेल्विन टॉल्सन हे कवी होते. पण तिथल्या वादविवाद संघटनेत काळ्यांना प्रवेशच नव्हता, म्हणून जिंकूनही विजेतेपद त्यांच्या नावावर अधिकृतपणे लागले नाही. त्या संघातील जेम्स फार्मर पुढे नागरी हक्कांच्या चळवळीचे एक पुढारी झाले. 2007 साली यावर सिनेमा निघाला, त्यात कॅलिफोर्नियाच्या जागी हार्वर्ड दाखवले. बहुधा मोठे नाव असल्याशिवाय विजय पटत नसावा.

भाची त्या दिवशी घरी आली ती पुन्हा बोलणार नाही म्हणून. महिनाभर बोललीही नाही. मग वस्तीतील दोन-तीन पोरांनी विहारात रविवारी संध्याकाळी सराव सुरू केला आणि तिला ओढून नेले. तिथे एक नियम तिनेच घातला. परीक्षक म्हणून आया बसतील, आणि कोण जिंकले हे सांगण्याआधी का जिंकले ते सांगावे लागेल. आधी बायका लाजल्या, आम्हाला काय कळते म्हणाल्या. हळूहळू त्यांचे तोंड सुटले. मी एकदा मुद्दाम जाऊन बसलो. विषय होता दारूबंदी. बारावीचा एक पोरगा फार जोरात, हातवारे करून बोलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी बहीण मिरचीने लाल झालेली बोटे पदराला पुसत उठली आणि त्याला म्हणाली, “बोलना तू चांगला. पन तेनी जे इचारं, तेनं उत्तर तू दिन्हंच नही.”

पोरगा खाली बसला. मग पुन्हा उठला आणि म्हणाला, “मावशी, आणखी दोन मिनिटे द्या.”