गुदाशयाची जखम आणि रणांगणावरची शस्त्रक्रिया

राजूर कोळशाच्या खाणीचे आणि चुनाभट्ट्यांचे गाव. इथे युद्ध झाले नाही. पण खाणीत छत कोसळून कंबरेचा चुराडा होणे, वणीच्या रस्त्यावर ट्रकखाली ओटीपोट चिरडणे आणि तिकडे गडचिरोलीत भूसुरुंगाने जवान जखमी होणे, या तिन्ही वेळी सर्जनपुढे एक प्रश्न सारखाच असतो: गुदाशय तर फाटला नाही ना? त्याचे उत्तर शोधण्याची आणि पुढच्या उपचाराची रीत रणांगणावर घडली, आणि तिच्यासाठी फार माणसे गेली.

गुदाशय जेमतेम 12 ते 15 सेंटिमीटरचा, कंबरेच्या हाडांच्या कड्यात खोल दडलेला. त्याचा खालचा बराचसा भाग पोटाच्या आतल्या आवरणाबाहेर असतो. म्हणून तो फाटला तरी पोट लगेच ताठरत नाही. रुग्ण बोलत असतो, नाडी बरी असते, आणि आत विष्ठा मांसपेशींत झिरपत राहते. दीड-दोन दिवसांत जंतुसंसर्ग रक्तात उतरला, की हातात फारसे काही उरत नाही. ही जखम पकडायला मोठे यंत्र लागत नाही. हातमोजा घालून गुदद्वारातून बोट फिरवायचे आणि बोटाला रक्त लागले का ते पाहायचे. रक्त दिसले तर दुर्बिणीने आत बघायचे. कंबरेचे हाड मोडलेल्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी झालीच पाहिजे. तेवढ्यासाठी कुणी संकोचला तर ती चूक जिवावर बेतू शकते.

1899 ते 1902 च्या बोअर युद्धात गोळी लागलेल्या सैनिकाचे पोट न उघडलेलेच बरे, असे मत रूढ झाले होते. रशिया-जपान युद्धात व्हेरा गेड्रॉइट्स या रशियन सर्जन बाईंनी रेल्वेच्या डब्यात शस्त्रक्रियागृह थाटले आणि जखमींची पोटे वेळेत उघडून माणसे वाचवून दाखवली. पहिल्या महायुद्धात शस्त्रक्रिया रुळली, तरी मोठ्या आतड्याच्या जखमांत सुमारे 60 टक्के माणसे दगावत. दुसऱ्या महायुद्धात फाटलेले आतडे शिवून आत ठेवण्याऐवजी पोटावर बाहेर काढण्यावर भर आला. 1943 साली अमेरिकी लष्कराने तसा आदेशच काढला. रक्त, प्रतिजैविके आणि जखमीला लवकर हलवण्याची सोय, यांच्या जोडीने मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले.

याच काळात आपल्याकडचे दोन डॉक्टर चीनमध्ये होते. 1938 साली मुंबईहून निघालेल्या भारतीय वैद्यकीय पथकात पाच जण होते. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. पुढे उत्तर चीनच्या डोंगराळ भागात कोटणीस कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. 1940 च्या जपानविरुद्धच्या लढाईत त्यांनी सलग 72 तास न झोपता शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. वेळेवर उपचार व्हावा म्हणून शस्त्रक्रियेचे टेबल आघाडीजवळ नेण्याचा बेथ्यून यांचा आग्रह होता, आणि कोटणीसांनी तो पुढे चालवला. पोटाच्या जखमांबाबत त्या आग्रहाचे मोल किती मोठे, हे वणी-राजूरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. इथून मोठे रुग्णालय गाठायचे म्हणजे चंद्रपूर, यवतमाळ किंवा नागपूर.

व्हिएतनाममध्ये उपचार चार गोष्टींवर स्थिरावला: मळाची वाट वळवणे, जमल्यास जखम शिवणे, मागे माकडहाडापुढून नळी घालणे आणि खालचा भाग धुऊन काढणे. पुढे नळी आणि धुण्याचा फायदा संशयास्पद ठरला. 2016 साली अमेरिकेतील ट्रॉमा सर्जनांच्या एका संघटनेने गोळी वा शस्त्राने झालेल्या जखमांत या दोन्ही टाळाव्यात असे सुचवले. वाट वळवणे मात्र टिकले. मला या इतिहासातली हीच गोष्ट मोलाची वाटते, की युद्धाने दिलेले सगळेच डोळे झाकून पाळले गेले नाही.

वाट वळवायची म्हणजे डाव्या बाजूला आतड्याचा वळसा पोटाच्या छेदातून बाहेर ओढायचा, तो आत सरकू नये म्हणून खाली एक छोटी दांडी ठेवायची, वळसा उघडून त्याची कड कातडीला टाके घालून जोडायची. ही कोलोस्टॉमी. बाहेर आलेले तोंड लालबुंद, ओलसर असते. त्याला हात लावला तरी दुखत नाही, कारण तिथे वेदना जाणवणाऱ्या नसा नसतात. भोवती चिकटपट्टी, तिला पिशवी. जागा वेळ असल्यास रुग्णाला बसवून, उभे करून ठरवतात, म्हणजे ती कमरेच्या पट्ट्याखाली किंवा पोटाच्या वळीत येत नाही. पिशवीच्या चकतीचे भोक तोंडापेक्षा फार मोठे कापले, तर उघड्या राहिलेल्या कातडीवर मळ लागून ती सोलवटते. हे घरच्या माणसाला रुग्णालयातून निघण्याआधी कापून दाखवायला हवे.

बहुतेकांची पिशवी तात्पुरती असते. साधारण तीन महिन्यांनी, जखम भरल्याची तपासणी करून, आतडे पुन्हा आत जोडतात. त्या तीन महिन्यांत माणूस पंगतीत बसायचे टाळतो, कामावर जायला कचरतो, पिशवी शर्टाखाली लपवतो आणि वास येईल या भीतीने जेवण कमी करतो. खाणीत दगड उचलणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी हे आधीच, बायकोसमोर, नीट बसून सांगितले पाहिजे: जड वजन उचलू नका, पोटाला आधाराचा पट्टा बांधा, जेवण सोडू नका, आणि पिशवी काढायची तारीख चुकवू नका.