नाकात राहतं तरी कोण?

तुमच्या नाकात आत्ता किती जण राहताहेत, ठाऊक आहे? लाखो! सगळे जिवाणू. घाबरू नका, त्यातले बहुतेक गुण्यागोविंदानं राहणारे आहेत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा एक जण तर साधारण दर तीन माणसांपैकी एकाच्या नाकात सापडतो आणि त्या माणसाला बहुधा पत्ताही नसतो.

पण जे दिसतच नाहीत त्यांना मोजायचं कसं? कोरोनाच्या वेळी नाकात घालायची ती कापसाची काडी आठवते? तशीच काडी नाकपुडीत फिरवायची, निर्जंतुक पाण्यात खळबळायची आणि त्यातला थेंबभर आगरच्या बशीत पसरायचा. आगर समुद्री शेवाळापासून करतात. त्यात जंतूंचा खाऊ मिसळतात. बशी आपल्या अंगाइतक्या उबेत, म्हणजे 37 अंशांवर, रात्रभर ठेवली की एकेका जंतूची पिल्लावळ एवढी वाढते, की सकाळी तिथं चक्क डोळ्यांना दिसणारा ठिपका असतो. ठिपके मोजले की थेंबातले जंतू मोजले!

एका जंतूपुढे मात्र ही युक्ती साफ हरली. तो कुष्ठरोगाचा जंतू. 1873 साली नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरांनी तो शोधला, पण कुठल्याच बशीत तो आजवर वाढलेला नाही. भारी आळशी! इतर कित्येक जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात, याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. शिवाय याला गारवा आवडतो. आत येणाऱ्या हवेनं नाक थंड राहतं, म्हणून तिथं तो आनंदानं मुक्काम ठोकतो.

या रोगाच्या भीतीनं लोक आपल्याच माणसांना घराबाहेर काढत. अशा माणसांसाठी बाबा आमट्यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभं राहिलं. जंतू बशीत वाढत नाही म्हटल्यावर बाबांनी काय केलं असेल? प्रयोगासाठी तो स्वतःच्या अंगात टोचून घेतला! त्यांना रोग झालाच नाही. मला ही गोष्ट आठवली की अजून अंगावर काटा येतो.

मग हा जंतू मोजतात कसा? थेट सूक्ष्मदर्शकाखाली. कानाच्या पाळीतून, पूर्वी नाकातूनही, घेतलेला नमुना काचपट्टीवर पसरून लाल रंगवतात, मग आम्लानं धुतात. बाकी सगळ्याचा रंग उतरतो. या जंतूचं कवच मेणचट, त्यामुळे तो लालच राहतो. नंतर निळा रंग दिला की निळ्यावर लाल काड्या उठून दिसतात, कधी सुट्या तर कधी मोळ्या बांधल्यासारख्या.

पट्टीवरच्या शंभर जागा तपासून एक ते दहा जंतू दिसले तर पहिली पायरी, म्हणजे 1+. एक पायरी चढली की जंतू दहापट. एकेका जागी हजाराहून जास्त दिसले तर 6+. आता सांगा, 1+ आणि 6+ मध्ये किती पटींचा फरक? लाखपट!

नाक शिंकरायला सांगूनही संशोधकांनी हे जंतू मोजलेत. रोग खूप वाढलेल्या आणि औषध न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातून दिवसाला कोटीभर जंतू बाहेर पडू शकतात. अशा रुग्णाच्या फार दिवसांच्या सहवासातच लागण होऊ शकते, तीही मोजक्यांना. हात मिळवून किंवा शेजारी बसून नाही. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्याच्यापासून कुणाला लागण होत नाही.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं स्पर्श कळत नसेल, तर घरी लगेच सांगा आणि आरोग्य केंद्रात दाखवा. औषध तिथं मोफत मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो.