रिकाम्या हातांचा मास्तर

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पांढऱ्या गणवेशातली मुलं रांगेत उभी राहतात आणि दर ठोशाला आकडा मोजतात: इची, नी, सान, शी. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीसुद्धा आता याचं कुणाला नवल वाटत नाही. कराटेच्या शोतोकान शैलीच्या क्लासातलं मूल पहिला काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा सलग क्रम, शिकतं, तो ‘हेयान शोदान’. कात्याचं हे नाव आणि शैलीचंही नाव ज्यांच्यामुळे पडलं, ते गिचिन फुनाकोशी पेशानं प्राथमिक शिक्षक होते. १९२२ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते ओकिनावा बेटावरून टोकियोला आले आणि कराटेनं पहिल्यांदा घराबाहेर बिऱ्हाड थाटलं. त्या प्रवासाला आता शंभर वर्षं उलटून गेली आहेत.

ओकिनावा आज जपानचा भाग असला तरी पूर्वी ते रयुक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या, चीनशी जुना व्यापार. १८७९ मध्ये जपाननं ते खालसा करून आपला प्रांत केला. त्यामुळे ओकिनावाच्या माणसाला टोकियो म्हणजे जवळजवळ परदेशच होता.

फुनाकोशींचा जन्म १८६८ चा, राजधानी शुरीतला. मूल अशक्त, फार जगेल असं कुणाला वाटत नव्हतं. मोठेपणी टोकियोच्या वैद्यकीय शाळेच्या परीक्षेला बसायला १८७० किंवा त्यानंतरचा जन्म हवा होता, म्हणून त्यांनी कागदावर वय कमी केलं. परीक्षा उत्तीर्णही झाले. पण डोक्यावर जुन्या रिवाजाची शेंडी असलेल्याला तिथे प्रवेश नव्हता आणि घरचे शेंडी कापू देईनात. डॉक्टर होणं राहून गेलं. पुढे १८८८ मध्ये शिक्षकाची नोकरी धरली, तेव्हा मात्र शेंडी कापावीच लागली. घरी आल्यावर वडील संतापले, आणि आई पाठ फिरवून मागच्या दारानं थेट माहेरी निघून गेली, असं त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे शेंडीवरून किती घरं दुभंगली, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ती आई परकी वाटणार नाही. काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हा प्रश्न या माणसाला आयुष्यभर सुटला नाही, आणि त्याची सुरुवात डोक्यावरच्या केसांपासून झाली.

त्या काळी ओकिनावात कराटेची विद्या लपूनछपून शिकवली जाई. वर्गमित्राचे वडील आन्को आसातो हे मोठे जाणकार. रात्री हातात कंदील घेऊन फुनाकोशी त्यांच्याकडे जात. अंगणात एकच काता पुन्हा पुन्हा करायचा, आणि गुरू ओसरीवर ताठ बसून पाहणार. बोलणं एखाद्या शब्दाचं. समाधान झाल्याखेरीज पुढचा काता नाही. तीन काते घटवायला दहा वर्षं लागली. आपल्या तालमीतला वस्ताद जसा डावाआधी वर्षभर जोर-बैठका काढून घेतो, तशीच ही शिस्त. पहाटे घरी परतायचं आणि सकाळी शाळेत शिकवायचं. आसातोंचे मित्र आन्को इतोसू हे त्यांचे दुसरे गुरू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतोसूंनी कराटे ओकिनावातल्या शाळांमध्ये नेलं, आणि अंगणातली गुप्त विद्या मैदानावरचा व्यायाम झाली.

१९२१ मध्ये युवराज हिरोहितो ओकिनावाला आले, तेव्हा शुरीच्या किल्ल्यात त्यांच्यापुढे प्रात्यक्षिक झालं. पुढच्याच वर्षी शिक्षण खात्यानं टोकियोत व्यायामाचं प्रदर्शन भरवलं आणि ओकिनावाच्या वतीनं फुनाकोशींची निवड झाली. काम संपवून ते परतणारच होते. पण ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकान या ज्यूदोच्या शाळेत बोलावून प्रात्यक्षिक करायला लावलं. होआन कोसुगी या चित्रकारानं, आम्हाला शिकवून जा, असा आग्रह धरला. मुक्काम लांबत गेला आणि मास्तर टोकियोतच राहिले.

त्यानंतरची वर्षं वाचताना मला त्यांच्या ठोशांपेक्षा त्यांचा झाडू जास्त आठवतो. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मेइसेइ जुकू या वसतिगृहात त्यांना एक लहानशी खोली मिळाली. दिवसा आवार झाडायचं, बागेची निगा राखायची, रखवाली करायची. रात्री तिथल्याच दालनात शिकवायचं. शिष्य मोजकेच. पत्नी पूर्वजांचे देव सोडून यायला तयार नव्हती, म्हणून ती ओकिनावातच राहिली. १ सप्टेंबर १९२३ ला महाभूकंप झाला, त्यात काही शिष्य दगावले. पोटासाठी मास्तर काही काळ बँकेत स्टेन्सिल कापायला बसले. साठीकडे झुकलेला माणूस, गावाकडे निवृत्त होऊन सुखानं राहू शकला असता. पण तो हटला नाही.

१९२४ मध्ये केइओ विद्यापीठात पहिलं कराटे मंडळ उभं राहिलं, आणि मग विद्यापीठांमागून विद्यापीठं. हा पसारा वाढवण्यासाठी फुनाकोशींनी बरंच बदललं. ज्यूदोकडून पट्टे आणि ‘दान’ श्रेणी घेतल्या. ओकिनावाच्या बोलीतली कात्यांची नावं जपानी मुलांच्या तोंडी बसेनात, म्हणून ‘पिनान’चं ‘हेयान’ केलं, ‘नायहांची’चं ‘तेक्की’. सगळ्यात मोठा बदल खुद्द नावाचा. जुन्या लेखनात त्या शब्दाचा अर्थ ‘चिनी हात’ असा होता. फुनाकोशींनी उच्चार ‘कारा’च ठेवला आणि ‘चिनी’च्या चिन्हाजागी दुसरं चिन्ह घातलं: रिकामा. कराटे म्हणजे रिकामा हात. त्या काळच्या जपानमध्ये चीनद्वेष वाढत होता, म्हणून हा बदल सोयीचाही होता, हे नाकारून चालणार नाही. ओकिनावातल्या जुन्या जाणकारांना तो खुपलाही. पण फुनाकोशींच्या मनात त्या चिन्हाचा आणखी एक अर्थ होता: बौद्धांच्या हृदयसूत्रातलं शून्य. हात शस्त्रापासून रिकामा, मन अहंकारापासून रिकामं. आपल्याच मातीत जन्मलेली ही शून्याची कल्पना चीनमार्गे जपानला जाऊन एका शाळामास्तराच्या मुठीत बसली, याचं मला अप्रूप वाटतं.

१९३०च्या दशकात शिष्यांनी वर्गणी काढून त्यांना स्वतंत्र दोजो, म्हणजे सरावाची वास्तू, बांधून दिला. मास्तर कविता लिहीत, ‘शोतो’ या टोपणनावानं. पाइनच्या बनात वाऱ्यानं उठणाऱ्या लाटा, असा त्याचा अर्थ. तरुणपणी शुरीजवळच्या टेकडीवर रात्री एकटेच फिरताना ऐकलेला तो आवाज. शिष्यांनी दारावर पाटी लावली: शोतोकान, म्हणजे शोतोंची वास्तू. १९४५ च्या बॉम्बवर्षावात ती जळाली. कराटे पुढे नेणारा मुलगा गिगो त्याच वर्षी आजारानं गेला. ओकिनावा युद्धात बेचिराख झालं. तिथून निसटून पत्नी क्यूशू बेटावर पोहोचली, तेव्हा मास्तर तिच्याकडे गेले. इतक्या वर्षांनी दोघं एकत्र आली. १९४७ मध्ये तीही वारली. ऐंशीच्या उंबरठ्यावर ते पुन्हा टोकियोला परतले. १९४९ मध्ये शिष्यांनी जपान कराटे असोसिएशन स्थापली, आणि २६ एप्रिल १९५७ ला मास्तर गेले.

मग शिष्यांचे शिष्य देशोदेशी पांगले. भारताला जपानी झुंजविद्येची ओळख त्याही आधीची. रवींद्रनाथांनी १९०५ मध्ये जिन्नोसुके सानो यांना आणि १९२९ मध्ये शिन्झो ताकागाकी यांना जुजुत्सू-ज्यूदो शिकवायला शांतिनिकेतनात आणलं होतं. कराटेची लाट मात्र पुढची. १९७३ चा ‘एंटर द ड्रॅगन’ इथे येऊन गाजला आणि पोरांना क्लास हवे झाले. ब्रूस लीची विद्या चिनी वळणाची होती, पण हौस भागवायला समोर आलं ते कराटे.

६ ऑगस्ट २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या कात्याचं सुवर्ण र्‍यो कियुना यांनी जिंकलं. ते ओकिनावाचे. पदक घेताना त्यांच्या हातात दिवंगत आईचं छायाचित्र होतं. शंभर वर्षांपूर्वी ज्या शहरात एक ओकिनावाकर झाडू मारून कराटे शिकवत होता, त्याच शहरात हे घडलं.

मला मात्र त्या पदकाहून मोलाचा वाटतो तो कामाकुराच्या एंगाकुजी मंदिरातला दगड. फुनाकोशींच्या स्मरणार्थ उभारलेल्या त्या शिळेवर त्यांची शिकवण कोरली आहे: कराटेत पहिला वार आपला नसतो. शेंडी गेली, भाषा गेली, नावं गेली, जुनं चिन्ह गेलं. हे एक त्यांनी सोडलं नाही. सुरुवात नमस्कारानं आणि शेवटही नमस्कारानं, हा त्यांचा दंडक होता. पट्ट्यांच्या परीक्षा आणि पदकांच्या चढाओढीत आपल्या क्लासांतून हाच धागा निसटू नये, असं मनापासून वाटतं. मैदानावरची ती मुलं आकडे संपल्यावर रांगेतच समोरच्या जोडीदाराला वाकून नमस्कार करतात. मास्तरांनी बोटीतून आणलेलं ते हेच.